पांढरं कडं

पांडेसरा जीआयडीसीतल्या डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर उभं राहणाऱ्या कारागिराला रंग कशावर चढतो आणि कशावर चढत नाही, हे शिकवावं लागत नाही. पॉलिएस्टरचं ग्रे कापड साध्या गरम पाण्यात कितीही घोळवलं तरी रंग नीट धरत नाही. मशीनचं झाकण घट्ट बंद करून दाबाखाली १३० अंशांपर्यंत नेलं की मगच धागा रंग आत घेतो. सुरतेत हे काम करणाऱ्यांत शिरपूर, शहादा, अमळनेर, पारोळ्याकडची खानदेशी माणसं पुष्कळ. मेंदूच्या गाठीची जी हकीकत इथे सांगायची आहे, तिची सुरुवात अशाच एका न चढलेल्या रंगापासून होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवायचा धंदा तेजीत होता. पॉल एर्लिख या तरुण डॉक्टरला त्या रंगांचं वेड होतं. जिवंत प्राण्याच्या अंगात रंग टोचायचा आणि कोणता अवयव किती रंगतो ते बघायचं, हा त्याचा उद्योग. १८८५ साली त्यानं नोंदवलं की बाकीचे अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. मेंदूला या रंगांची ओढच नसावी, असा त्यानं अर्थ लावला. तो चुकला होता. त्याच्यासोबत काम केलेल्या एडविन गोल्डमन यानं १९१३ मध्ये ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग रक्तात न टोचता मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग घेत होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवं येत होतं. (ट्रिपॅन ब्लू हा ॲझो कुळातला रंग. पांडेसऱ्यात आज साड्यांवर चढणाऱ्या बऱ्याच रंगांचं कूळ तेच.)

आडवं काय येतं, ते दिसायला १९६७ साल उजाडलं. थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मेंदूतल्या केशवाहिन्या पाहिल्या. शरीरात इतरत्र केशवाहिनीचं अस्तर बनवणाऱ्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मधून काही निसटत नाही. ऑक्सिजन, साखर, ठरावीक क्षार असा निवडक मालच पेशींतून आत जातो. बाकीचा माल परत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे वीस टक्के. तो पोचवणाऱ्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या तर साधारण ६०० किलोमीटर भरतील असा अंदाज आहे. उधन्याहून ताप्तीच्या मार्गानं जळगाव गाठावं आणि त्याच गाडीनं परत यावं, तेवढं अंतर. आणि या सगळ्या लांबीत एकही उघडी फट चालत नाही.

मेंदूत वाढणारी वाईट गाठ पहिला घाला घालते तो या शिस्तीवर.

मेंदूच्या गाठी शंभरावर प्रकारच्या असतात आणि त्यातल्या कित्येक साध्या असतात. मोठ्या माणसांत मेंदूतच उगम पावणाऱ्या कॅन्सरच्या गाठींत सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात हट्टी गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. तिच्या पेशी भराभर वाढतात आणि रक्तापासून लांब पडतात. ऑक्सिजन केशवाहिनीतून बाहेर पडला की जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटर पोचतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. गुदमरलेली पेशी नुसती मरत नाही, मरण्याआधी हाकाटी करते. शरीरातली कोणतीही पेशी ऑक्सिजन कमी पडल्यावर हेच करते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. हाकेला ओ देऊन जवळच्या वाहिनीला कोंब फुटतात आणि ते गाठीकडे वाढू लागतात.

गाठीला जगायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे आज ऐकायला अगदी साधं वाटतं. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलं, तेव्हा बरेच शास्त्रज्ञ हसले होते. फोकमन बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सर्जन. त्यांना ही कल्पना सुचली ती त्याच्या दहा वर्षं आधी, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत आणि दुसऱ्याच कामावर असताना. लांबच्या सफरीवरच्या जहाजात रक्त टिकत नाही, तेव्हा रक्ताला पर्याय म्हणून हिमोग्लोबिनचं द्रावण चालेल का, हे फ्रेडरिक बेकर यांच्यासोबत ते तपासत होते. शरीराबाहेर काढलेल्या ग्रंथीत ते द्रावण खेळवायचं आणि ग्रंथी किती जिवंत आहे ते बघायला तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडायच्या. पेशी वाढल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या म्हणावं तर नाही, कारण त्याच पेशी परत उंदरात घातल्या की भराभर फोफावत. बाटलीतल्या ग्रंथीत नव्या वाहिन्या फुटत नव्हत्या, एवढाच काय तो फरक. म्हणून फोकमन म्हणाले, गाठीवर कशाला तुटून पडता, तिची रसद तोडा.

पुढची वीसेक वर्षं रसद तोडण्यापेक्षा हाक कोणत्या रेणूची आहे हे शोधण्यात गेली. आणि इथे एक गंमत झाली, जी मेंदूच्या गाठीच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरली. बोस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८३ मध्ये गाठींतून झिरपणारं एक प्रथिन वेगळं केलं. ते वाहिन्यांना गळकं करायचं, आणि हिस्टामिनच्या तुलनेत सुमारे ५०,००० पट जोरानं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीतल्या नेपोलियोने फेरारा यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशींपासून वाहिन्या वाढवणारं प्रथिन मिळवलं, त्याचं नाव व्हीईजीएफ. ताडून पाहिलं तर दोन्ही एकच. वाहिनी वाढवणारा आणि वाहिनी गळवणारा रेणू वेगळा नाहीच. गाठ घाईघाईनं ज्या वाहिन्या उभ्या करते त्या मुळातच गळक्या असतात.

त्या कशा असतात ते स्लाइडवर दिसतं. निरोगी मेंदूची केशवाहिनी म्हणजे पेशींचं एकच अस्तर, सरळ, इतकी अरुंद की लाल पेशी एकामागून एक जातात. ग्लायोब्लास्टोमाच्या तुकड्यात अस्तराच्या पेशी थरावर थर चढलेल्या, वाहिन्यांचे गुंते झालेले, मधेच फुगलेल्या, मधेच रक्त गोठून बंद पडलेल्या. बंद पडलेल्या वाहिनीच्या पलीकडचा भाग मेलेला, आणि त्या मेलेल्या भागाच्या कडेनं जिवंत पेशी दाटीवाटीनं उभ्या, जणू पळून जायच्या बेतात. पॅथॉलॉजिस्ट हे गुंते मुद्दाम शोधतात, कारण ते दिसले की गाठ चौथ्या ग्रेडची आहे याचा तो एक मोठा पुरावा.

आता एमआरआयची फिल्म. सुरतेत मजुरा गेटजवळच्या न्यू सिव्हिलमध्ये काय किंवा एखाद्या खासगी सेंटरमध्ये काय, मेंदूचा एमआरआय ‘काँट्रास्टसह’ काढायला सांगतात, तेव्हा हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. निरोगी मेंदूत ते शिरत नाही. एर्लिखच्या रंगासारखं बाहेरच राहतं. गाठीच्या गळक्या वाहिन्यांतून मात्र ते झिरपतं आणि तेवढाच भाग फिल्मवर पांढरा उठतो. फिल्म उजेडाला धरली की राखाडी मेंदूत एक ओबडधोबड पांढरं कडं दिसतं, आतून काळं. काळा भाग मेलेला, पांढरं कडं म्हणजे गळक्या वाहिन्यांचा पट्टा. त्याच्याभोवती, दुसऱ्या प्रकारच्या चित्रात, पांढुरकी सूज बोटांसारखी दूरवर पसरलेली. थोडक्यात, फिल्मवर आपण गाठ पाहत नाही, तिची गळती पाहत असतो. माझ्या मते या आजारात घरच्यांनी समजून घ्यायची एकच गोष्ट असेल तर ती ही, कारण पुढचे बरेच गैरसमज इथेच जन्मतात.

पहिली करामत सूज करते. कवटी पसरत नाही. गळतीचं पाणी मेंदूत साठतं तसं आतला दाब वाढतो: सकाळी उठल्यावर डोकं ठणकणं, उलटी, एका हातातली ताकद जाणं, शब्द न सापडणं, झटका. डॉक्टर डेक्सामेथासोन सुरू करतात आणि एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो, जेवायला मागतो. मेंदूच्या गाठीत हे स्टेरॉइड १९६१ पासून वापरात आहे आणि त्यानं अनेकांना ऑपरेशनपर्यंत सुखरूप पोचवलं आहे. घरात मात्र ‘गोळ्यांनी गाठ विरघळली’ अशी बातमी पसरते. विरघळलेली काही नसते. वाहिन्यांची गळती तात्पुरती कमी झालेली असते. डेक्सा लांबलं की चेहरा सुजतो, साखर चढते, मांड्यांतली ताकद जाते आणि जिना चढवेनासा होतो.

ग्लायोब्लास्टोमाचा आजचा ठरलेला उपचार असा: जमेल तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवडे किरणोपचार, ज्याला वॉर्डात शेक किंवा लाइट म्हणतात, आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, ज्या पुढेही काही महिने चालतात. हा रिवाज २००५ मध्ये रॉजर स्टुप यांच्या चाचणीनं घालून दिला. नुसत्या किरणांनी निम्मे रुग्ण १२.१ महिने काढत, कॅप्सूल जोडल्यावर १४.६, आणि दोन वर्षं पार करणारे दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले. एवढ्याशा फरकाचं जगभर स्वागत झालं, यावरून आजार कसा आहे ते कळावं.

दरम्यान फेरारांनी व्हीईजीएफला बांधून ठेवणारी अँटिबॉडी तयार केली होती. १९९३ मध्ये तिनं उंदरांत रुजवलेल्या माणसाच्या गाठी रोखल्या. त्यांत एक ग्लायोब्लास्टोमाही होता. माणसांसाठी तिचं रूप म्हणजे बेव्हासिझुमॅब, ॲव्हास्टिन या नावानं गाजलेलं. २००४ मध्ये ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ग्लायोब्लास्टोमाइतक्या वाहिन्या माजलेली गाठ शोधून सापडायची नाही, तेव्हा खरी कमाल इथेच होणार अशी सगळ्यांची खात्री होती. उलटलेल्या गाठीवर दिलं तर फिल्म बघून डॉक्टरही चकित होत. पांढरं कडं दोन-तीन आठवड्यांत फिकं पडायचं, सूज ओसरायची, डेक्सा कमी करता यायचं. या फिल्मांच्या जोरावर २००९ मध्ये अमेरिकेत त्याला घाईची मंजुरी मिळाली. युरोपच्या नियामकांनी त्याच वर्षी नकार दिला.

निकाल लागला २०१४ मध्ये. नव्यानं निदान झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी छापून आल्या. त्यातल्या एका चाचणीत औषध घेणाऱ्यांची गाठ फिल्मवर वाढायला १०.६ महिने लागले, न घेणाऱ्यांची ६.२. आणि आयुष्य? १६.८ महिने आणि १६.७. दुसऱ्या, अमेरिकेतल्या चाचणीतही आयुष्य वाढलं नाही. उलटलेल्या गाठीवरची चाचणी २०१७ मध्ये आली, तिथेही तेच: फिल्म जास्त काळ चांगली राहिली, माणूस नाही.

कारण उघड आहे, एकदा कळल्यावर. औषधानं गळती बुजवली. गळती बुजली की काँट्रास्ट झिरपत नाही, कडं पुसलं जातं. गाठीच्या पेशी मात्र तिथेच. शिवाय ग्लायोब्लास्टोमाला नव्या वाहिन्यांची गरज आपण समजत होतो तेवढी नव्हतीच. जर्मन पॅथॉलॉजिस्ट हान्स शेरर यानं १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की या पेशी मेंदूच्या जुन्या, धडधाकट वाहिन्यांना बिलगून पुढे सरकतात. आयत्या रस्त्यानं जाता येत असेल तर नवा कोण बांधतो! वॉल्टर डॅन्डी या सर्जननं १९२८ मध्ये काही रुग्णांचा उजवा अर्धा मेंदू काढून टाकला होता, तरी गाठ दुसऱ्या बाजूला उगवली. पेशी कड्याच्या कितीतरी बाहेर, फिल्मवर निरोगी दिसणाऱ्या मेंदूत पोचलेल्या असतात. तिथल्या वाहिन्या अजून गळक्या नसतात, म्हणून त्या दिसत नाहीत, आणि म्हणूनच बहुतेक औषधंही तिथे पोचत नाहीत.

भरीला, गाठीत मूळपेशींसारख्या वागणाऱ्या काही पेशी असतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस यांच्या गटानं ग्लायोब्लास्टोमाच्या तुकड्यापासून दोन पेशीवंश वाढवून त्यावरचं काम २००३ मध्ये छापलं. एक निरुपद्रवी, दुसरा उंदरात गाठ करणारा. साध्या मूळपेशी कॅन्सरच्या मूळपेशी कशा बनतात, हे त्यांनी पुढे २००७ मध्ये त्याच घराण्यातल्या पेशींवर दाखवलं. २०१० मध्ये परदेशातल्या दोन गटांनी त्यापुढची गोष्ट सांगितली: गाठीतल्या अशा पेशी प्रसंगी स्वतःच रक्तवाहिनीचं अस्तर बनू शकतात. शेजारच्या वाहिनीला हाक मारायचीही मग गरज उरत नाही.

ही सगळी शास्त्रीय भानगड सुरतेच्या लिंबायत-डिंडोलीतल्या घरात येते ती एका प्रश्नाच्या रूपानं: ‘ते इंजेक्शन चालू करायचं का?’ सुरतेतल्या मराठी घरांत अजून एक वाक्य ठरलेलं असतं, ‘एकदा टाटाला दाखवून येऊ,’ म्हणजे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला. पहाटेची फ्लाइंग राणी धरायची, दादरला उतरायचं, परळ गाठायचं. मुक्काम लांबला आणि जागा मिळाली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. औषधाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत दिलासा एवढाच की २०१६ पासून भारतीय कंपन्यांची बेव्हासिझुमॅब बाजारात आली. अहमदाबादच्या इंटास आणि झायडसचीही आहेत. किंमत उतरली, पण साठ किलोच्या माणसाला दर दोन आठवड्यांनी ६०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे चारशेची एक आणि शंभरच्या दोन बाटल्या, तेही महिनोन्‌महिने. घरातल्या डायबेटिस असलेल्या काकांना डोळ्याच्या पडद्यासाठी हेच औषध टोचलं असेल तर ते सव्वा मिलिग्रॅम होतं. त्या खर्चाशी याची तुलना करू नये.

इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण ते काय देतं हे घरच्यांना आधी कळलेलं बरं. सूज उतरते. डेक्सा कमी होतं. काही जणांचं बोलणं, चालणं काही आठवडे, काही महिने सुधारतं, आणि जो माणूस पलंगावरून उठून जेवायला येतो त्याच्या दृष्टीनं हे थोडं नाही. आयुष्य वाढत नाही. रक्तदाब चढू शकतो, लघवीतून प्रथिन जाऊ शकतं, रक्त गोठू शकतं किंवा वाहू शकतं, जखम भरत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आगेमागे चारेक आठवडे ते देत नाहीत. हे सगळं स्वच्छ शब्दांत सांगितल्यावर कुणी शेताचा तुकडा विकायचा ठरवलं तर तो त्यांचा निर्णय. नुसती पुसट झालेली फिल्म दाखवून ‘गाठ ऐंशी टक्के गेली’ असं कुणी सांगत असेल तर मात्र दुसरं मत घ्यावं.

फिल्म उलट्या बाजूनंही फसवते. किरणोपचार संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच रुग्णांचं कडं मोठं होतं. घरात रडारड होते. किरणांनी वाहिन्यांचं अस्तर दुखावतं, गळती वाढते, आणि फिल्मवर ती वाढलेल्या गाठीसारखीच दिसते. काही आठवडे थांबून पुन्हा पाहिलं तर अनेकदा आपोआप कमी झालेली असते. म्हणून २०१० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी गाठ मोजायचे नियमच बदलले: नुसतं कडं मोजायचं नाही, भोवतीची सूज बघायची, स्टेरॉइडची मात्रा बघायची, माणूस कसा आहे ते बघायचं. टाटाच्या परळच्या किंवा खारघरच्या केंद्रात जाताना पहिल्यापासूनच्या सगळ्या सीडी आणि डेक्साच्या तारखा-मात्रा लिहिलेला कागद सोबत न्यावा, तो याच कारणासाठी. शेवटची एकटी फिल्म तिथल्या डॉक्टरांच्या फारशी कामाची नसते.

वाहिन्या मारण्याऐवजी दुरुस्त कराव्यात, असं म्हणणारा माणूस मुळात डॉक्टर नव्हता. राकेश जैन, जन्म ललितपूरचा, शिक्षण आयआयटी कानपूरमधून केमिकल इंजिनिअरिंगचं, पुढे हार्वर्डला. इंजिनिअरच्या नजरेनं त्यांनी गाठीतला दाब, ओघ आणि गळती मोजली. गळक्या वाहिन्यांमुळे गाठीच्या आत दाब इतका चढतो की बाहेरून दिलेलं औषध आत शिरतच नाही. तेव्हा व्हीईजीएफ थोडं आवरलं तर उरलेल्या वाहिन्या सुधारतील, रक्त नीट खेळेल, ऑक्सिजन पोचेल आणि किरण-किमो जास्त लागू पडतील, अशी त्यांची २००१ ची मांडणी. २००७ मध्ये बोस्टनच्या ग्लायोब्लास्टोमाच्या १६ रुग्णांत सेडिरॅनिब या गोळीनं हे होताना दिसलं: वाहिन्या एका दिवसात सुधारू लागल्या आणि साधारण महिनाभर तशा राहिल्या. मोठ्या चाचणीत ती गोळी नापास झाली. पण ज्या रुग्णांच्या गाठीत रक्ताचा ओघ खरोखर सुधारला, ते काही महिने जास्त जगले असं छोट्या अभ्यासांत आढळलं. असे रुग्ण आधीच ओळखायचे कसे, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

वाहिन्यांवरच्या संशोधनाला ग्लायोब्लास्टोमानं हुलकावणी दिली, म्हणून ते वाया गेलं असं नाही. किरणांनी मेंदूचा तुकडा मरतो आणि सुजतो, तिथे बेव्हासिझुमॅब खरंच गुणकारी आहे. ह्यूस्टनमध्ये २०११ साली १४ रुग्णांवर झालेल्या छोट्या पण काटेकोर चाचणीत औषध मिळालेल्या प्रत्येकाची सूज उतरली, खोटं औषध मिळालेल्या कुणाचीच नाही. एका आनुवंशिक आजारात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात, तिथे २००९ मध्ये दहापैकी नऊ जणांच्या गाठी आक्रसल्या आणि काहींना पुन्हा ऐकू यायला लागलं. तिसरं उदाहरण लहान मेंदूत रक्तवाहिन्यांचीच गाठ करणाऱ्या फॉन हिपेल-लिंडाऊ या आजाराचं. त्यात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी ‘गुदमरले’ अशी खोटी हाक मारत राहतात. केलिन यांचं नोबेलचं काम याच आजारावर उभं आहे, आणि त्यातून आलेली बेल्झुटिफान ही गोळी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

एक कडवट आठवण इथेच. कूर्चा नव्या रक्तवाहिन्यांना रोखते हे फोकमन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवल्यावर कुणीतरी शार्कच्या कूर्चेची पावडर विकायला काढली, शार्कला कॅन्सर होत नाही अशी थाप मारून. होतो. पावडर चाचण्यांत साफ पडली. आपल्याकडे तीच जागा हळदीच्या कॅप्सूलनं घेतली आहे. बशीतल्या पेशींवर कुर्क्युमिन वाहिन्या रोखतं हे खरं, पण पोटातून ते रक्तात फारसं उतरत नाही.

गळती नेहमी वैरीणच असते असंही नाही. मुलांच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. तिचे चार मुख्य प्रकार. त्यातल्या ‘डब्ल्यूएनटी’ प्रकारची नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. का, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१६ मध्ये रिचर्ड गिल्बर्टसन यांच्या गटानं उलगडा केला: या गाठीच्या पेशी असे रेणू सोडतात की शेजारच्या वाहिन्या आपली घट्ट जोडणी विसरतात. आडवं येणारं काही उरत नाही आणि किमोचं औषध थेट गाठीत शिरतं. दुसऱ्या एका प्रकारात वाहिन्या निरोगी मेंदूसारख्या बंद राहतात आणि औषध बाहेरच अडकतं. मोठ्या माणसाच्या गाठीत जी गळती जीव घेते, ती या मुलांच्या पथ्यावर पडते.

मग ज्या मुलाचा प्रकार इतका सौम्य, त्याला पूर्ण मात्रेचे किरण डोक्यापासून मणक्याच्या टोकापर्यंत कशाला द्यायचे? त्यानं उंची खुंटते, शिकण्यावर परिणाम होतो. टाटाच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या गटानं डब्ल्यूएनटीच्या मुलांना फक्त गाठीच्या जागेवर किरण देऊन पाहिले. काही मुलांत आजार मणक्याच्या बाजूला उलटला आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. मणका पूर्ण सोडता येत नाही, एवढं त्यातून कळलं. आता प्रयत्न आहे तो मणक्याची मात्रा कमी करण्याचा.

पण त्यासाठी आधी प्रकार ओळखायला हवा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो नेहमी ओळखू येत नाही. ॲक्ट्रेकमध्येच डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेनं त्यावर २०१३ मध्ये चाचणी छापली. ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, तो पॅराफिन ब्लॉक. त्यातले लांब आरएनए तुटून गेलेले असतात. मायक्रोआरएनए मुळातच आखूड, म्हणून ते जुन्या ब्लॉकमध्येही शाबूत सापडतात. त्यांचं प्रमाण मोजून गाठीचा प्रकार सांगता येतो. म्हणजे पोराचं ऑपरेशन सुरतेत झालं असलं आणि पुढचे उपचार मुंबईत घ्यायचे ठरलं असलं, तर प्रकार कळायला पुन्हा डोकं उघडावं लागत नाही. पुडीत मावणारा तो अंगठ्याएवढा मेणाचा तुकडा पुरतो. डिस्चार्जच्या कागदांसोबत तो मिळत नाही. पॅथॉलॉजीच्या खिडकीवर अर्ज देऊन, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून, नंबर रिपोर्टशी ताडून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात नेताना तो गाडीच्या खिडकीशी ठेवू नये, मेण मऊ पडतं.